गाठीचं पाणी तोडणं: मावशीच्या इंजेक्शनची गोष्ट

जेकार्ड
रविवार, रात्री १०:५०

मंडळी, धागा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

मावशीच्या (आईची धाकटी बहीण, वय ६१, मुक्काम जुळे सोलापूर) मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन करून ती काढली, पण सीटी स्कॅनमध्ये यकृतावर दोन डाग दिसले. जखम भरल्यावर, दीडेक महिन्यानं केमो सुरू करायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी नेहमीच्या औषधांखाली आणखी एक नाव लिहिलं: बेव्हासिझुमॅब. किंमत ऐकून मावसभाऊ गप्प झाला आणि नाव ऐकून बाकीचे माझ्याकडे बघायला लागले. मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, म्हणजे नात्यागोत्यात अर्धा डॉक्टरच. बारशाला गेलो तरी कुणीतरी कोपऱ्यात घेऊन मूळव्याधीचं विचारतं.

मावशीनं मात्र सरळ विचारलं, "ह्या सुईनं गाठ जळती का रे?"

म्हटलं, "जळत नाही. तिचं पाणी तोडतात."

"म्हंजे नळ कापल्यावानी?"

चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावातल्या बाईला याहून जास्त सांगावं लागलं नाही. पण माझंच समाधान होईना, म्हणून तेव्हापासून वाचतोय. जे उमगलं ते लिहितो, चुकलं तर कान धरा.

गोष्ट १९६०च्या दशकाच्या सुरुवातीची, अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतली. जूडा फोकमन हा तरुण सर्जन तिथे नेमणुकीवर होता. काम भलतंच होतं: लांबच्या सफरीत जहाजावर रक्त साठवून टिकत नाही, त्याला पर्याय शोधा. त्यानं आणि फ्रेडरिक बेकर या सहकाऱ्यानं सशाची थायरॉइड ग्रंथी काचेच्या भांड्यात जिवंत ठेवली, तिच्यातून हिमोग्लोबिनचं द्रावण फिरवलं आणि या द्रावणावर काही पोसतं का हे बघायला तिच्यात कर्करोगाच्या पेशी सोडल्या. पेशी वाढल्या, गाठी झाल्या, आणि एक-दोन मिलिमीटरवर येऊन सगळ्या थांबल्या. मेल्या नव्हत्या. त्याच गाठी जिवंत उंदरात टोचल्या की भराभर वाढत.

एक-दोन मिलिमीटर म्हणजे मोहरी. मंगळवेढ्याच्या ज्वारीचा दाणा तिच्यापुढे थोरला. गाठ तिथेच का अडली, तर प्राणवायू केशवाहिनीतून, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिनीतून, बाहेर झिरपतो तो मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापर्यंतच. त्यापलीकडच्या पेशीला उपास. भांड्यातल्या ग्रंथीत नवी रक्तवाहिनी फुटत नव्हती, म्हणून गाठ मोहरीची मोहरीच राहिली. जिवंत उंदरात तिनं शेजारच्या वाहिनीला फाटा फोडून घेतला.

हा फाटा म्हणजे आपल्याकडचा अनधिकृत नळजोड. रात्री मेन लाइनला भोक पाडायचं, पाइप जोडायचा आणि वर मोटार लावायची. फरक इतकाच की गाठ स्वतः खणत नाही. ती एक रसायन सोडते आणि वाहिनीच्या भिंतीतल्या पेशी आपण होऊन तिच्याकडे चालत येतात. म्हणजे महापालिकेचाच माणूस येऊन जोड देऊन जातो!

फोकमननं १९७१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हे मांडलं आणि पुढचं पाऊलही सांगून टाकलं: हा जोड अडवला तर गाठ वाढणार नाही. फार कुणी मनावर घेतलं नाही. गाठीभोवती वाहिन्या दिसतात ती नुसती सूज, असा समज होता. फोकमन होता सर्जन. टेबलावरची गाठ लाल, कोमट, हात लावला की भळभळणारी असते हे तो बघत होता. प्रयोगशाळेत पोचतो तो तिचा पांढरा पडलेला तुकडा.

मला सगळ्यात आवडला तो सशाच्या डोळ्याचा प्रयोग. कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, रक्तवाहिन्या नसतात. तिथे गाठीचा कण ठेवला की कडेकडून बारीक लाल धागे त्याच्याकडे सरकत येतात. धागे पोचेपर्यंत गाठ रांगते, पोचले की धावते. तसाच कण डोळ्यातल्या पाण्यात तरंगता ठेवला तर लहानच राहतो. हे फळ्यावर काढलं तेव्हा मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, ताण्याचे दोरे एकाच बाजूला ओढल्यासारखं दिसतंय." त्याच्या घरी चार पॉवरलूम आहेत.

बाकीचं उद्या. कॉलेज आहे.

---

कडक_भाकरी
रविवार, रात्री ११:३२

लै भारी लिवलंय सर. एक कळंना. पाणी तोडायचं म्हणताय, मग आपल्या आंगातल्या बाकीच्या नळाचं काय? ते बी बंद पडत्यात का?

---

जेकार्ड
सोमवार, सकाळी ७:०५

अण्णा, मोक्याचा प्रश्न. मोठ्या माणसाच्या शरीरात नव्या रक्तवाहिन्या फारशा तयारच होत नाहीत. आहेत त्या शांत बसलेल्या असतात. जखम भरताना, पाळीच्या चक्रात, गरोदरपणी, एवढ्याच वेळी नवा जोड लागतो. म्हणून जुनं जाळं बरंचसं शाबूत राहतं. पण जखम भरायलाही नवी वाहिनी लागते, त्यामुळे ऑपरेशननंतर निदान २८ दिवस हे औषध देत नाहीत. मावशीला दीड महिना का थांबवलं ते मला तेव्हा कळलं. आम्ही उगीच डॉक्टरांवर चिडलो होतो.

---

डॉ_रातपाळी
सोमवार, दुपारी ३:१५

धागा आवडला, पण "बाकीचे नळ शाबूत" हे जरा सोपं करून सांगितलंत. शांत वाहिन्यांनाही या रसायनाचा थोडा खुराक लागतो. रसायनाचं नाव व्हीईजीएफ. हार्वर्डच्या हॅरॉल्ड ड्वोराक यांच्या गटाला ते १९८३ साली सापडलं ते वेगळ्या नावानं, वाहिन्या झिरपत्या करणारा घटक म्हणून. १९८९ साली जेनेन्टेक या औषध कंपनीच्या नेपोलिओन फेरारा यांनी ते वाहिन्या वाढवणारं म्हणून वेगळं काढलं. वस्तू एकच निघाली.

ते अडवलं की तीन गोष्टी होतात आणि तिन्ही आम्ही वॉर्डात बघतो. वाहिन्या सैल राहत नाहीत, बीपी चढतं. मूत्रपिंडाची चाळणी याच रसायनावर टिकून असते, ती सैल होते आणि लघवीतून प्रोटीन जायला लागतं. आणि नाक फुटणं, हिरड्यांतून रक्त. क्वचित आतड्याला भोक पडतं, ते जिवावरचं. म्हणून प्रत्येक डोसआधी बीपी आणि लघवीची पट्टी. मावशींना सांगा, पोटात अचानक कळ आली तर "अॅसिडिटी असंल" म्हणून ओवा चघळत बसायचं नाही. लगेच दवाखाना.

---

शंकेखोर
सोमवार, रात्री ८:४०

मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. १९९८ साली पेपरात छापून आलं होतं की कॅन्सर दोन वर्षांत संपणार, अमेरिकेत औषध सापडलं. माझ्या वडिलांना तेव्हा घशाचा होता. कात्रण पाकिटात घालून फिरलो मी. पंचवीस वर्षं उलटून गेली. संपला का?

---

जेकार्ड
सोमवार, रात्री ११:१०

शंकेखोर, तुमचं कात्रण ज्या बातमीवरून आलं ती ३ मे १९९८च्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावरची. "दोन वर्षांत" हे वाक्य तिच्यात जेम्स वॉटसन यांच्या तोंडी होतं, डीएनएवाले वॉटसन. माझं बोलणं तसं नव्हतं, असं त्यांनी मग त्याच पेपरला पत्र लिहून कळवलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. औषध बनवणाऱ्या छोट्या कंपनीचा शेअर शुक्रवारी १२ डॉलरच्या आसपास होता, सोमवारी दिवसभरात ८५ला शिवून आला. फोकमन स्वतः म्हणत होता की तुम्ही उंदीर असाल आणि तुम्हाला कॅन्सर असेल तर आम्ही तुमची छान काळजी घेऊ. ते कुणाला ऐकायचं नव्हतं.

त्या बातमीमागचं काम मात्र खरं होतं आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वात सुंदर भाग तोच. म्हणून सविस्तर.

सर्जन लोकांना एक कोडं जुनं होतं. मोठी गाठ काढावी, पेशंट बरा दिसावा, आणि काही महिन्यांत फुप्फुसात, हाडांत बारक्या गाठींचं पेव फुटावं. आपल्याकडे म्हणतातच, "हत्यार लागलं की पसरतो." बायका तर यासाठी ऑपरेशनला नाही म्हणतात. फोकमनला वाटलं, थोरली गाठच धाकट्यांना दाबून ठेवत असेल तर? स्वतःसाठी नळजोड मागवणारं रसायन ती सोडते, ते आसपासच पुरतं. त्याचबरोबर जोड तोडणारं काहीतरीही सोडत असेल, आणि ते रक्तातून लांबवर जात असेल.

त्याच्या प्रयोगशाळेतल्या मायकल ओरायली यानं हे शोधायला घेतलं. गाठ असलेले उंदीर पाळायचे आणि त्यांची लघवी गोळा करायची. रक्तात असलेलं लघवीत उतरेल हा हिशोब. उंदीर एका वेळी किती करणार? थेंब थेंब साठवत, गाळत, चाळत महिनोन्महिने गेले. शेवटी एक प्रथिन हाती लागलं: अँजिओस्टॅटिन, १९९४. गाठ काढलेल्या उंदरांना ते टोचलं तर फुप्फुसातल्या गाठी मोहरीएवढ्याच राहिल्या. ज्यांना नुसतं पाणी टोचलं त्यांची फुप्फुसं भरून गेली.

गंमत पुढे आहे. हे प्रथिन नवं नव्हतंच. रक्ताच्या गुठळ्या विरघळवायच्या कामातलं प्लाझ्मिनोजेन आपल्या सगळ्यांच्या रक्तात असतं, त्याचाच हा तुटलेला तुकडा. अख्खं प्लाझ्मिनोजेन वाहिन्यांना काही करत नाही, तुकडा करतो. १९९७ साली दुसरं सापडलं, एंडोस्टॅटिन. तेही तुकडाच, वाहिन्यांच्या अस्तरात असणाऱ्या कोलॅजन-१८ या प्रथिनाचं शेपूट. म्हणजे आपली चादर. असते तेव्हा अंगावर घ्यायची, फाटली की तिचंच फडकं चुलीवरचं भांडं उतरवायला. कापड तेच, काम भलतंच. शरीरानं ब्रेक वेगळा बनवून ठेवलेला नाही, नेहमीच्या मालाच्या आत शिवून ठेवलाय.

---

शेंगाचटणी
सोमवार, रात्री ११:४८

चादरीचं फडकं! सर, हे मी उद्या आमच्या कारखान्यात सांगणार. आमचा मालक रिजेक्ट माल टाकून देतो, त्याला कळू द्या.

---

हडसनकाठी
मंगळवार, पहाटे ४:२०

मूळचा सोलापूरचा (सात रस्ता, हरिभाई देवकरण शाळा), आता इथे अमेरिकेत एका लॅबमध्ये. जेकार्ड यांनी उंदरांवर थांबवलंय, माणसांचं मी सांगतो.

एंडोस्टॅटिनचे निकाल सुरुवातीला दुसऱ्या प्रयोगशाळांना मिळेनात. त्यावरून बरीच कुजबुज झाली. प्रथिन नाजूक, घडी बिघडली की निकामी, आणि शरीरात गेलं की लवकर निघून जाणारं. १९९९ साली माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. अपाय जवळपास शून्य. उपयोगही फारसा दिसला नाही. काहींची गाठ काही काळ थांबली, पण स्कॅनमध्ये आक्रसली असं क्वचितच.

यात एक गोम आहे. आपण औषध जोखतो ते गाठ किती लहान झाली यावरून. पाणी तोडणारं औषध गाठ लहान करायला बनलेलंच नाही, ते वाढ अडवतं. फूटपट्टीच चुकीची होती असं मानणारे इथे अजून आहेत. मी अर्धा त्यांच्यातला. उरलेला अर्धा म्हणतो की चाललं असतं तर इतक्या वर्षांत कुठेतरी लख्ख दिसलं असतं.

चीननं मात्र एंडोस्टॅटिनचं थोडं बदललेलं रूप २००५ साली फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी मंजूर केलं. ते केमोबरोबर तिथे वापरतात. युरोप-अमेरिकेत ते गेलं नाही.

आणखी एक. कोलॅजन-१८चं जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर आहे. डाउन सिंड्रोमच्या माणसांत ते गुणसूत्र दोनऐवजी तीन असतात, त्यांच्या रक्तात एंडोस्टॅटिन जास्त असतं, आणि रक्ताचे कॅन्सर सोडले तर गाठीचे कॅन्सर त्यांच्यात कमी आढळतात. हे एकच कारण नसणार, त्याच गुणसूत्रावर आणखीही ब्रेक आहेत. पण फोकमनला या गोष्टीचं फार अप्रूप होतं. २००८च्या जानेवारीत डेन्व्हर विमानतळावर हृदयविकाराच्या झटक्यानं गेला तो. व्याख्यानाला निघाला होता.

---

शेंगाचटणी
मंगळवार, सकाळी ९:१०

अवांतर: चीनचं नाव निघालं आणि कुणी डॉ. कोटणीस म्हणालं नाही? सोलापूरकर ना तुम्ही? हलकं घ्या.

---

शंकेखोर
मंगळवार, सकाळी १०:०२

मग मावशींना देतात ते ह्या दोघांपैकी कुठलं?

---

जेकार्ड
मंगळवार, दुपारी १:२५

दोन्ही नाही. इथे माझाही सुरुवातीला गोंधळ झाला होता. अँजिओस्टॅटिन, एंडोस्टॅटिन हे शरीराचे घरचे ब्रेक. बेव्हासिझुमॅब हे कारखान्यात बनवलेलं प्रतिपिंड (अँटीबॉडी), तेही प्रथिनच. ते व्हीईजीएफला पकडून ठेवतं. जोडासाठी अर्ज गेला, पण टपालवाल्यालाच वाटेत धरलं असं समजा. फेब्रुवारी २००४मध्ये अमेरिकेत पहिली मंजुरी मिळाली ती पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरसाठीच. फोकमनच्या १९७१च्या लेखानंतर तेहतीस वर्षांनी.

---

डॉ_रातपाळी
मंगळवार, दुपारी १:४०

आकडे कुणी दिले नाहीत म्हणून देतो. कुणाला टाळायचे असतील तर पुढचा परिच्छेद सोडा.

त्या मंजुरीमागची चाचणी ८१३ रुग्णांची होती. नुसत्या केमोवर मधल्या रुग्णाचं आयुष्य १५.६ महिने, बेव्हासिझुमॅब जोडल्यावर २०.३ महिने. पावणेपाच महिन्यांचा फरक. मधला रुग्ण म्हणजे सगळ्यांना ओळीत उभं केलं तर बरोबर मध्ये येणारा. निम्मे त्याच्या पुढे असतात, आणि काही बरेच पुढे. शिवाय ती केमो जुनी, आता पर्याय वाढलेत. यकृतावरचे डाग थोडे आणि सोयीच्या जागी असतील तर आकसल्यावर ते काढताही येतात. हे मावशींच्या डॉक्टरांना जरूर विचारा. (आणि तसं ठरलं तर आधी हे इंजेक्शन थांबवावं लागेल, जखमेचं वर आलंच आहे.)

सगळीकडे चालतं असंही नाही. स्तनाच्या कॅन्सरसाठी २००८ साली अमेरिकेत तात्पुरती मंजुरी दिली होती, २०११ साली काढून घेतली. आयुष्य वाढल्याचं दिसेना, त्रास तेवढा दिसला.

---

जेकार्ड
मंगळवार, संध्याकाळी ६:१५

डॉक्टर, आभार. परिच्छेद सोडला नाही. दोनदा वाचला. मावसभावाला अजून पाठवलेला नाही.

---

हडसनकाठी
बुधवार, पहाटे ३:५०

केमोबरोबर का देतात यावर थोडं. पाणी तोडलं तर केमो तरी गाठीत पोचणार कशी? तीही त्याच नळातून जाते. हा प्रश्न राकेश जैन यांनी घेतला. आयआयटी कानपूरचे, आता बॉस्टनला. त्यांचं म्हणणं (२००१): गाठीच्या वाहिन्या घाईत बांधलेल्या असतात. वेड्यावाकड्या, गळक्या, कुठे फुगलेल्या, कुठे पुढे वाटच नाही. गळतीमुळे आतला दाब वाढतो आणि औषध आत शिरत नाही. व्हीईजीएफ कमी केलं की फाजील फाटे झडतात, उरलेले थोडे दिवस नीट वाहतात, आणि त्या काळात केमो आत पोचते. म्हणजे आधी दुरुस्ती, मग तोडणी.

आणि कायम का चालत नाही? वाहिनीच्या पेशी गाठीच्या नव्हेत, आपल्या साध्या पेशी. त्या सरड्यासारख्या रंग बदलणार नाहीत, म्हणून या औषधांना गाठ कधी सरावणार नाही अशी मोठी आशा होती. पेशी नाही बदलल्या. गाठच दुसरे निरोप पाठवायला लागली, किंवा नवी वाहिनी न मागवता जुन्या वाहिनीच्या कडेकडेनं पसरायला शिकली.

---

कडक_भाकरी
बुधवार, सकाळी ८:३०

म्हंजे नळ कापला तर ट्यांकर मागवती म्हणा की.

---

जेकार्ड
बुधवार, सकाळी ८:४४

अण्णा, हे वाक्य मी वर्गात वापरणार. तुमचं नाव सांगून.

---

नवीपेठ_मेडिकल
बुधवार, दुपारी ४:००

दुकानातून लिहितोय. ज्यांना हे इंजेक्शन आणावं लागतं त्यांच्यासाठी.

बाटल्या दोन मापांत येतात, १०० आणि ४०० मिलिग्रॅम. डोस वजनावर. आतड्यासाठी बहुतेकदा दर दोन आठवड्यांनी किलोमागे ५. समजा बाई ५२ किलोची, तर २६०. ४००ची एक घेतली तर १४० वाया, उरलेली पुढच्या वेळी चालत नाही. १००च्या तीन घेतल्या तर ४०च जातात. डॉक्टरांना विचारूनच, पण विचारा जरूर. आता भारतीय कंपन्यांची जैवसमान औषधं (बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच बनवलेली) आहेत, भाव पूर्वीचे राहिले नाहीत. दोन-तीन ठिकाणी चौकशी करा.

२ ते ८ अंश हवं. गोठवायचं नाही! गेल्या मे महिन्यात, बाहेर ४३ अंश असताना, एका गिऱ्हाइकानं "नीट थंड राहावं" म्हणून बाटली रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवली. सकाळी गोठलेली. फेकावी लागली. तो माणूस काउंटरवर हात टेकून नुसता उभा राहिला. त्याला काही बोलताही येईना मला. थर्माकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी, तिच्यावर वर्तमानपत्राची जाड घडी, आणि मग बाटली.

---

तिसरा_डोळा
बुधवार, रात्री ९:२०

एक विचारायचंय. माझ्या सासऱ्यांना शुगरमुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आहे, त्यांना डोळ्यात इंजेक्शन देतात. कागदावर नाव बेव्हासिझुमॅबच. तेव्हापासून सासूबाई धास्तावल्यात, "कॅन्सर लपवतायत माझ्यापासून."

---

डॉ_रातपाळी
बुधवार, रात्री ११:५५

लपवत नाहीत. हा कॅन्सर नव्हे, पण डोळ्यातही अडचण वाहिन्यांचीच, गळक्या किंवा नको तिथे फुटलेल्या. डोस अगदी थेंबभर, सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास. व्हीईजीएफ अडवणाऱ्या औषधांनी डोळ्यांत जितकं उजळ काम केलंय तितकं कॅन्सरमध्येही केलेलं नाही, असं माझं मत. सासूबाईंना निवांत झोपू द्या.

---

गड्ड्याची_जत्रा
गुरुवार, सकाळी ७:३०

मला ग्रुपवर आलं होतं की शार्क माशाला कॅन्सर होत नाही, त्याच्या कुर्च्याची पावडर घेतली की गाठीचं रक्त बंद होतं. ऑनलाइन मिळते. मावशींसाठी बघा, साइड इफेक्ट नाहीत.

---

जेकार्ड
गुरुवार, सकाळी ७:५२

दादा, भावना पोचली, पण घेऊ नका आणि पुढे पाठवूही नका. कुर्च्यात रक्तवाहिन्या नसतात हे खरं. १९७०च्या दशकात फोकमनच्याच प्रयोगशाळेत कुर्च्यातून वाहिन्या अडवणारा अंश काढला होता, तेही खरं. त्यावर कुणीतरी पावडरीचं दुकान थाटलं. शार्कला कॅन्सर होतो. आणि प्रथिन तोंडावाटे घेतलं तर पोटात डाळीसारखं पचून जातं, गाठीपर्यंत जातच नाही. माणसांवर चाचण्या झाल्या, उपयोग झाला नाही. पावडरीच्या नादात केमो लांबली तर तो साइड इफेक्टच.

---

पूर्वभाग
गुरुवार, रात्री १०:१५

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदा लिहितेय. घरी तेलुगू बोलतो, चुकलं तर सांभाळून घ्या.

अम्मा विडी वळायची. सूप मांडीवर, कात्री, पानं, तंबाखू, आणि सकाळपासून तोंडात मिश्री. तीस वर्षं. गालाच्या आत जखम झाली, ती चटका बसला म्हणून सहा महिने अंगावर काढली. मग सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई, परळ. पहाटे दादरला उतरायचं आणि रांगेत उभं राहायचं. दुसऱ्यांदा उलटला तेव्हा ऑपरेशन होणार नाही म्हणाले. सुईची केमो तिला झेपेना. मग गोळ्या दिल्या, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, आणि सेलेकॉक्सिब रोज सकाळ-संध्याकाळ. मी डॉक्टरांना म्हटलं, ही तर सांधेदुखीची गोळी. ते म्हणाले, कमी डोस रोजच्या रोज दिला की गाठीच्या रक्तवाहिन्यांना वाढायला सवड मिळत नाही.

तेव्हा काही कळलं नाही. आज धागा वाचून कळलं. त्या गोळ्यांवर अम्मा अकरा महिने होती, त्यातले आठ तिनं स्वतः भात करून खाल्ला.

---

डॉ_रातपाळी
शुक्रवार, रात्री १२:३०

ताई, तुमच्या अम्मांना मिळाली ती मेट्रोनॉमिक केमो. त्यावर टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ४२२ रुग्णांची चाचणी करून २०२०मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये छापली. सलाइनमधून दिलेल्या सिस्प्लॅटिन या केमोवर मधला रुग्ण ६.१ महिने, गोळ्यांवर ७.५, आणि त्रास कमी. पसरलेल्या, ऑपरेशन न होणाऱ्या तोंडा-घशाच्या कॅन्सरसाठी. गोळ्या स्वस्त, घरी घेता येतात. वाहिन्या अडवणं हा त्यांच्या कामाचा एक भाग मानतात, एकमेव नव्हे.

(आठवड्यातून एकदा म्हणजे एकदाच. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेऊन आलेले पेशंट मी पाहिलेत. ते फार वाईट असतं.)

---

भगवंताची_बार्शी
शुक्रवार, सकाळी ११:००

सोलापूर म्हणताय आणि बार्शी नाही? आमच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या आधारानं १९८७ साली ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम. माणसं गावोगाव फिरून लोकांना लक्षणं समजावत. अम्मांसारखी सहा महिने अंगावर काढलेली जखम कमी व्हावी म्हणून. मोहरी असतानाच सापडली तर तुमची ही महागडी तोडणी लागणारच नाही.

---

शंकेखोर
शुक्रवार, रात्री ९:३५

महागडीवरून. सोराफेनिब म्हणून गोळी आहे, यकृत आणि किडनीच्या कॅन्सरची, तीही वाहिन्यांचा निरोप अडवते (प्रथिन नाही, साधं रसायन). महिन्याला २ लाख ८० हजारांच्या वर होती. मार्च २०१२मध्ये आपल्या पेटंट नियंत्रकांनी नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना (पेटंटवाल्याची संमती नसतानाही औषध बनवायची मुभा) दिला आणि तीच ८ हजार ८००च्या आसपास आली. देशातला तसा पहिला परवाना. माझ्या वडिलांच्या कामाची नव्हती ती, आणि ते तोवर राहिलेही नव्हते. पण ते कात्रण मी अजून टाकलेलं नाही.

---

जेकार्ड
सात आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:४०

धागा वर काढतोय, बऱ्याच जणांनी खाजगी निरोप पाठवून विचारलं म्हणून.

चार डोस झाले. पहिला ९० मिनिटं चालला, दुसरा ६०, मग ३०. तिसऱ्या वेळी बीपी १५०/९६ निघालं, गोळी सुरू केली. एकदा नाक फुटलं, दहा मिनिटं दाबून धरल्यावर थांबलं. लघवीची पट्टी अजून स्वच्छ. काल स्कॅन झाला. एक डाग होता तेवढाच आहे, दुसरा थोडा आकसलाय. काढता येईल का ते डॉक्टर आणखी दोन डोसांनंतर ठरवणार. डॉ_रातपाळी यांचा आकड्यांचा प्रतिसाद मावसभावाला दाखवला. त्यानं वाचला, फोन परत दिला, आणि गाडी काढून मावशीला सिद्धेश्वरांच्या दर्शनाला घेऊन गेला.

पाचवा डोस गुरुवारी. गुरुवारीच पाणी येणार आहे. मावशीचं म्हणणं, टाकी भरल्याशिवाय मी घर सोडणार नाही. शेवटी दवाखान्यात फोन करून अकराची वेळ घेतली.

घरी बीपी बघायला यंत्र घ्यायचंय. कुठलं घ्यावं?

---

नवीपेठ_मेडिकल
रविवार, रात्री ९:५८

दंडावर बांधायचं घ्या, मनगटाचं नको. आणि दंडाला नीट बसेल असा पट्टा मागून घ्या, ढिला नको.